दहा बाय बाराच्या खोलीत बास: टॉवर की सबवूफर?

तबल्याचा डग्गा किंवा मिरजेच्या तानपुऱ्याचा खर्ज लावून बघा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) खर्ज ६९ हर्ट्‌झच्या (सेकंदाला ६९ कंपनांच्या) आसपास असतो. तो ऐकवायला फार मोठी सिस्टिम लागत नाही. घोळ घालते ती खोली.

सांगली-मिरजेतल्या फ्लॅटमधली १० बाय १२ची, १० फूट उंच स्लॅबची खोली धरा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आपटतो आणि त्या अंतरात नेमका बसणारा खालचा सूर (बास) मोठा होतो. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्‌झ फुगतो, १० फुटांत ५६. रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५६ला दुहेरी फुगवटा. मग डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड सलग चढत-उतरत नाही, मधलाच एक सूर ढुम्म करून उठतो.

टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर देखणे, जोडायला सोपे. पण बास सुधारायला ते हलवले की गायक जिथून गातोय असं वाटतं ती जागाही हलते. मोठा हॉल असेल आणि मागे दोन फूट मोकळे सोडता येत असतील तरच घ्या.

लहान खोलीत बुकशेल्फ (छोटे) स्पीकर आणि वेगळा सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) बरा, कारण तो हवा तिथे ठेवता येतो. जागा शोधायची युक्ती उलटी आहे: सबवूफर तुमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवा, बास गिटार असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे वाजतात, तीच त्याची जागा. क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्‌झवर. फेज (सबवूफरची कंपनं स्पीकरशी जुळवणारं बटण) ० आणि १८० करून बघा. ज्यात खुर्चीवर बास भरीव लागतो ते ठेवा. गेन (सबवूफरचा आवाज) शेवटी, आणि इतकाच की बंद केल्यावरच सबवूफर होता हे कळावं. मिरवणुकीच्या डॉल्बीला सरावलेल्या कानाला सुरुवातीला हे फिकं वाटेल.

सबवूफर बंद पेटीचा की पोर्टवाला (पेटीला हवेचं भोक असलेला)? बंद पेटीचा आवाज खाली दर सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ने. लहान खोली खालचे सूर आपसूक उचलते, म्हणून इथे बंद पेटीच जुळते आणि डग्गा वेळेवर थांबतो. सिनेमाचे स्फोट मुख्य असतील किंवा हॉल मोठा असेल, तर पोर्टवाला. तो आधीच घरात असला तर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालून बघा. घुमणं बरंच कमी होतं.

खुर्ची खोलीच्या बरोबर मध्ये ठेवली की ४७ हर्ट्‌झ गायब होतो, भिंतीला टेकवली की फुगतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फूट ठीक. आणि भिंतीवर पातळ फोम चिकटवू नका. तो फक्त वरचे सूर खातो, उरलेला बास आणखीच जड वाटतो.