कैदी नंबर ९६५३चा बिल्ला: पाचपैकी साडेतीन

लेक अमेरिकेहून येताना माझ्या सांगण्यावरून प्रचाराचा एक बिल्ला घेऊन आली. मूळ बिल्ला १९२० सालचा, हा त्याची नक्कल. पत्र्याचा, जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा, मागे पिन. किंमत १२ डॉलर. "एवढ्यात भुसावळात चपलांचा जोड येतो," इति सौभाग्यवती. येतो, पण त्याच्यावर अमेरिकेतला समाजवादी पुढारी यूजीन डेब्सचा फोटो नसतो.

फोटोतल्या टकल्या माणसाभोवती इंग्रजीत लिहिलंय: 'राष्ट्राध्यक्षपदासाठी, कैदी नंबर ९६५३'. थट्टा नाही. पहिल्या महायुद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून गड्याला १० वर्षांची सजा झाली आणि तो अटलांटाच्या तुरुंगातून निवडणुकीला उभा राहिला. प्रचार काय, तर आठवड्याला एक निवेदन बाहेर धाडायची परवानगी.

आधी तक्रारी. बिल्ल्यावरचा शेवटचा ३ कडेला अर्धा दुमडला गेलाय, लांबून ८ वाटतो. ज्याची सगळी ओळखच नंबरात, त्याचा नंबर तरी नीट छापा! पिनेचं टोक वाकडं. विकणाऱ्याला लेकीने फोटो पाठवला, तर म्हणे 'जुना लूक' मुद्दाम ठेवलाय. दीड स्टार तिथेच कापला.

बाकीचे साडेतीन माणसाला. डेब्स आमच्या बिरादरीतला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत इंजिनांचा रंग खरवडायला लागला, मग फायरमन झाला. मीही वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणूनच लागलो. भट्टीचं दार उघडलं की भुवया करपल्याचा वास यायचा, तो अजून नाकात आहे. पुढे त्याने रेल्वे कामगारांची युनियन काढली, १८९४च्या पुलमन या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या संपात सहा महिने आत बसला आणि बाहेर येईपर्यंत समाजवादाच्या वाटेला लागला होता. १९००, १९०४, १९०८, १९१२ आणि तुरुंगातून १९२०, पाचदा राष्ट्राध्यक्षपदाला उभा. पाचही वेळा आडवा. १९०८ला तर 'रेड स्पेशल' नावाची अख्खी गाडी भाड्याने घेऊन देशभर फिरला. वर्गणी गोळा करून, हं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

१९१२ला ९ लाख मतं, साधारण ६ टक्के. १९२०लाही ९ लाखांच्या वर; पण बायकांना मताधिकार मिळून एकूण मतदान फुगलेलं, म्हणून टक्का साडेतीनच्याही आत. 'मतं खायला उभा राहतो' हे त्यालाही ऐकवलं गेलं असणारच. मला ऐकवलंय. पतपेढीच्या निवडणुकीत मी तिसऱ्या पॅनलकडून दोनदा पडलो. दुसऱ्यांदा ४१ मतं, त्यात घरातलं एक धरून. (धरावं की नाही, यावर अजून वाद आहे.)

१९२१च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने त्याची उरलेली सजा माफ केली. तुरुंगातून निघाला तेव्हा आतले कैदी ओरडून त्याला निरोप देत होते, आणि तिथून तो गेला थेट हार्डिंगच्याच भेटीला, व्हाइट हाउसमध्ये.

पेन्शनरांच्या बैठकीला बिल्ला लावून गेलो. एकाने चष्मा वर करून विचारलं, "हा कुठला महाराज?" म्हटलं, "फायरमन."

घेणार असाल तर पिन आधी पक्कडीने सरळ करून घ्या. टेरिकॉटच्या शर्टाला लावू नका, माझ्या खिशावर दोन भोकं पडलीत. कोटाला चालेल.