सल्ला उत्तम, फलक चुकीचा: इंदूरच्या एका शासकीय केंद्रातील कुटुंब नियोजन सेवा

इंदूरच्या पश्चिम भागातील एका शासकीय आरोग्य केंद्रात सुनेबरोबर कुटुंब नियोजनाचा सल्ला घेण्यासाठी अलीकडेच जाण्याचा योग आला. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. सेवा पूर्णपणे मोफत आहे आणि सल्ला देणाऱ्या ताईंच्या कामाला मी निःसंकोच चांगले गुण देईन.

टेबलावरील स्टीलच्या ट्रेमध्ये निरोध, माला-एन या रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट, छायाच्या गोळ्यांची पट्टी, अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनची कुपी आणि गर्भाशयात बसवायची एक कॉपर-टी मांडून ठेवली होती. "बहू, पहले हाथ में लेकर देखो," असे म्हणत त्यांनी कॉपर-टी सुनेच्या तळहातावर ठेवली, तेव्हा ती चकित होऊन म्हणाली, "आई, एवढीशीच असते ही?" बाळ चार महिन्यांचे असून अंगावर पिते, हे कळताच ताईंनी माला-एन बाजूला सारली, कारण त्या गोळीतील संप्रेरकामुळे दूध कमी होऊ शकते. अंतराने पाळी अनियमित होते, कधी बंदही होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. अखेर सुनेने छाया निवडली. लखनऊच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेत विकसित झालेली ही गोळी संप्रेरकविरहित आहे. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घोटाळा होऊ नये म्हणून ताईंनी कार्डावर बॉलपेनने 'बुधवार, शनिवार' असे ठळक लिहून दिले. औषधाच्या दुकानात इतका वेळ कोण देतो?

उणीव आहे ती पुरुषांच्या बाबतीत. माझा मुलगा सारा वेळ बाहेर मोटारसायकलजवळ उभा होता, पण त्याला आत बोलवावे असे कोणालाही सुचले नाही. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, ती स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी असते आणि तिच्यासाठी शासन पुरुषाला अधिक रक्कमही देते. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के निघाले. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले त्याला शतक उलटले, शासनाचा कार्यक्रम १९५२पासून चालू आहे, आणि नवरा अजून दाराबाहेरच.

प्रतीक्षागृहातील फलकाने मात्र मला खरोखर अस्वस्थ केले. कोरडी पडलेली नदी आणि मुलांच्या घोळक्यात उभी असलेली एक गरीब आई, असे ते चित्र आहे; जणू नदी आटली ती तिच्या मुलांमुळेच. मध्य प्रदेशात दर स्त्रीमागे २००५-०६ साली सरासरी ३.१ मुले होती, ती २०१९-२१मध्ये २.०वर आली. लोकसंख्या स्थिर राखण्यास २.१ पुरतात. शहर फुगते आहे ते मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांमुळे आणि आधीच्या पिढीतील तरुणांच्या मोठ्या संख्येमुळे. आपण पितो ते नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून पंपांनी आणावे लागते. ते अंगणात गाडी धुण्यासाठी कोण उडवतो, हे आपल्या कॉलनीत सकाळी पाहिले तरी कळेल. शहरातील सिरपूर तलावाला २०२२मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, पण त्याला धोका आहे तो सांडपाण्याचा आणि अतिक्रमणाचा. मुले कमी झाली की काही दशकांनी निसर्गावरचा ताण हलका होतो, हे मान्य. परंतु ट्रेसमोर बसलेल्या बाईला दोन बाळंतपणांत अंतर हवे असते ते आपल्या प्रकृतीसाठी आणि मांडीवरच्या बाळासाठी, आणि ताईंनी नेमके तेच तिला सांगितले होते. फलक काढून त्या जागी बिनटाक्याच्या नसबंदीची माहिती लावावी, अशी लेखी सूचना मी केंद्राच्या सूचनापेटीत टाकली आहे. सल्ल्यासाठी जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, कारण दुपारनंतर तो कक्ष लसीकरणाच्या गर्दीत हरवतो. आणि नवऱ्याला न विचारताच आत घेऊन जावे.