गाडीतले पाने: तयार डबा बरा की शिवलेली गुंडाळी?

कंपनीने दिलेला जॅक, व्हील पाना आणि टॉमी (जॅक फिरवायचा दांडा) सोडून गाडीत आणखी काही असावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे प्लास्टिकचा तयार डबा, ज्यात झाकण उघडलं की गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, ओळीने मांडलेल्या दिसतात. दुसरी म्हणजे चार दुकानं फिरून सुटे पाने जमवायचे आणि सीट कव्हर शिवणाऱ्याकडून खणांची गुंडाळी शिवून घ्यायची. मी दोन्ही वापरलंय. माझी गाडी लहान, पेट्रोलवरची. फिरणं यवतमाळ-दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं, आणि त्यातलं बरंचसं डांबर संपतं तिथून पुढचं. तुमचे रस्ते गुळगुळीत असतील तर तुमचा निकाल वेगळा लागू शकतो.

मोठ्या रस्त्यावर खरं तर दोन्हींची फारशी गरज पडत नाही. बुटीबोरीहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी बंद पडली तर महामार्गाच्या मदतीचा १०३३ नंबर लावता येतो, आणि फाट्याफाट्यावर पंचरवाला बसलेला असतोच. अडतं ते पांदण रस्त्यावर, शेतांमधल्या कच्च्या वाटेवर. कापसाची वेचणी आटोपून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कापली की खुंट उरतात. गाडी वळवताना टायरच्या कडेला त्यातला एखादा लागला तर पंचरची पट्टीही कामाची नाही, चाकच बदलावं लागतं. बाभळीचा काटा त्यामानाने सज्जन, तो निदान टायरच्या तळात घुसतो. मिस्त्रीला फोन लागलाच तर तो “आलोच भाऊ” म्हणतो, आणि त्या “आलोच”मध्ये त्याचं जेवण, आधीचं गिऱ्हाईक आणि वाटेतला चहा असं सगळं येतं. तेवढ्या वेळात आपल्याला काय करता येईल, किट त्यासाठी.

आता डब्याबद्दल. सगळ्यात जास्त खपतो तो ४६ नगांचा, पाव इंची चौकाचा संच; चौक म्हणजे गोटी दांड्यावर जिथे बसते तो चौकोन. ४ ते १४ मिलिमीटरच्या गोट्या, एक रॅचेट (नटावरून न उचलता पुढेमागे फिरवायचा दांडा), लांबी वाढवणारं एक्स्टेन्शन आणि बाकी भरणा पेचकसाच्या टोकांचा. नगांचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले जवळपास निम्मे नग ही टोकंच असतात हे झाकण उघडून मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. तरीही त्याला नावं ठेवायची नाहीत. बॅटरीच्या टर्मिनलचा १० चा नट, एअर फिल्टरचं झाकण, मडगार्डच्या आतलं अस्तर, नंबरप्लेट ही कामं रॅचेटने जितक्या झटपट होतात तितकी रिंग पान्याने होत नाहीत. बोटं जिथे शिरत नाहीत तिथे एक्स्टेन्शन लावलेली गोटी शिरते. पहिल्यांदाच काही घेत असाल, दहाचा आणि बाराचा नट नजरेने ओळखता येत नसेल, तर डब्यात आकडे समोर दिसतात ही सोय मोठी आहे.

चाकाच्या नटाशी मात्र त्याचा संबंध नाही. मारुतीला १९ चा पाना लागतो, ह्युंदाईला २१ चा. डबा १४ वर थांबतो. आणि थांबतो तेच बरं. लहान गाड्यांचे चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. म्हणजे पाव मीटर लांबीच्या दांड्यावर ४० किलोचा जोर. हा कंपनीच्या पुस्तकातला हिशेब झाला. टायरवाल्याने हवेच्या गनने आवळलेला नट असेल तर त्याहून बराच जास्त जोर लागतो. पाव इंची रॅचेटचे दाते तिथे टिकणार नाहीत. अर्धा इंची चौकाचे मोठे डबेही मिळतात, त्यात ३२ पर्यंतच्या गोट्या असतात. पण ते पेटीएवढे जड. शिवाय लहान गाडीत ३२ ची गोटी कुठे लावायची हे मला अजून उमगलेलं नाही. ट्रॅक्टर असेल घरी तर ठेवा बुवा.

डब्यावरून माझं मन उडालं ते यातल्या कशामुळेच नाही. ते उडालं त्याच्या वाजण्यामुळे.

डब्यात प्रत्येक गोटीला साच्यातली खाच असते आणि गोटी त्यात नुसती दाबून बसवलेली असते. नवीन असताना बोटाने उचकावी लागते इतकी घट्ट. पण आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीच्या आत काय भट्टी पेटते ते सांगायला नको. एक उन्हाळा डिक्कीत काढला की त्या खाचा सैलावतात. मग पांदणीने गाडी चालली की एकेक गोटी जागा सोडते आणि डब्यात हिंडायला लागते. अख्खा डबा खुळखुळ्यासारखा वाजतो. नुसता आवाजाचाच त्रास असता तर सोसला असता. पण खराब रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस कानानेही चालवत असतो. पुढच्या सस्पेन्शनचा लिंक रॉड वाजतोय का, सायलेन्सरचं रबर तुटलंय का, हे खड्ड्यातल्या एका ‘टक’वरून कळतं. डिक्कीत गोट्या नाचत असतील तर सगळे आवाज एकच होतात. मी त्यात जुना टॉवेल कोंबून पाहिला. टॉवेल कोंबला की झाकण लागत नाही, झाकण जबरीने लावलं की कडी तुटते. कडी तुटल्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधून पाहिला. त्याने झाकण धरलं, आतला नाच चालूच राहिला.

आणि हा नाच तिथेच संपत नाही, त्याचा दुसरा अंक झाकण उघडल्यावर. पावसाळ्यात तिन्हीसांजेला, शेताच्या धुऱ्यालगत (बांधालगत) गाडी उभी, बॅटरीची क्लॅम्प सैल म्हणून सेल्फ घेत नाही. काम पाच मिनिटांचं. डबा बॉनेटखाली पत्र्याच्या कडेवर टेकवला, पट्टा सोडला, आणि नेमकी दहाचीच गोटी टुणकन निघून इंजिनच्या फटीतून खाली गेली. जमिनीवर पडली असती तर चिखलात चाचपून सापडली असती. ती अडकली खालच्या प्लास्टिकच्या संरक्षक पत्र्यावर. तो काढायला त्याचे बोल्ट खोलावे लागतात, आणि त्यातले दोन दहाचेच. शेवटी पक्कडीने क्लॅम्प कशीबशी आवळून घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गोटी काढून हातावर ठेवली आणि डब्याकडे बघून म्हणाला, “भाऊ, हे खेळनं कायले ठेवता गाडीत?” त्याच्या स्वतःच्या रिंग पान्यांना वर्षानुवर्षं एक गोणपाट पुरलेलं आहे, त्यामुळे त्याचं मत एकतर्फी धरलं तरी चालेल.

गुंडाळीत हा प्रकारच नाही. पाना खणात, खणावर कापडाची पट्टी दुमडलेली, वरून गुंडाळून नाडी बांधली की धातूला धातू लागतच नाही. कुठेही कोंबता येते. माझी स्टेपनीच्या रिमच्या पोकळीत बसते आणि तिथून हूं की चूं करत नाही. शिवून घेताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कापड जाड सुती, प्लास्टिकची ताडपत्री नको, कारण ती घडीवर फुटते. आणि खण पान्याच्या निम्म्या लांबीइतके खोल हवेत, नाहीतर गुंडाळी उभी धरली की पाने डोकी बाहेर काढतात. बसस्टँडजवळच्या सीट कव्हरवाल्याने मला अर्ध्या तासात शिवून दिली, आणि “येवढंच?” असं विचारलं.

आत काय ठेवावं हा ज्याच्या त्याच्या गाडीचा प्रश्न. माझ्याकडे एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेले ८, १०, १२, १४ आणि १७ चे पाने आहेत. जपानी घडणीच्या गाड्यांना एवढ्यांत बहुतेक सगळं भागतं. १३ चा मुद्दाम घेतला नाही; टाटा किंवा स्कोडा-फोक्सवॅगन असेल तर तो आधी घ्या. दांडी उलटसुलट करता येणारा एक पेचकस, एक पक्कड, बारा व्होल्टचा टेस्टर. चाकासाठी सरकत्या दांड्याचा एल पाना, कारण कंपनीच्या आखूड पान्यावर उभं राहून नाचावं लागतं. कडेच्या छोट्या खणात फ्यूज: लाल १० अँपिअरचे, निळे १५ चे, पिवळे २० चे. रंग सगळ्या गाड्यांत तेच असतात, फक्त आपल्या गाडीत बारके लागतात की मोठे ते झाकण उघडून पाहून घ्यावं. शिवाय हातभर वायर आणि बायंडिंग तार. घराशेजारी तुरीची पोती असली की उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतो, त्यामुळे वायर जोडायची वेळ सायलेन्सर बांधायच्या वेळेपेक्षा जास्त येते.

पान्याचं किंवा गोटीचं तोंड बाराकोनी की षट्कोनी हा वाद डब्याच्या बाबतीत निघतो तसाच इथेही निघतो. गंजलेल्या नटाचे कोपरे बाराकोनी तोंड लवकर घासतं, हे खरं. रिंग पाने बहुतेक बाराकोनीच मिळतात, म्हणून गंजलेल्या जागी मी आधी तेल सोडतो आणि थांबतो. गोटी घ्यायचीच असेल तर षट्कोनी मागा. मी गुंडाळीत एकच सुटी गोटी ठेवली आहे, दहाची, एका छोट्या टी-हँडलवर. डब्याची जी एक गोष्ट मला खरंच आवडायची तेवढी उचलून इकडे आणली म्हणा.

गुंडाळीच्या खोडीही आहेत. पावसात कापड ओलं झालं आणि तसंच बांधून ठेवलं तर आठवड्यात पान्यांवर तांबूस थर दिसतो. घरी आल्यावर उघडून वाळत घालायचा कंटाळा असेल तर डबाच ठेवा, निदान तो पाणी आत घेत नाही. अंधारात सगळे खण सारखे लागतात, सवय होईपर्यंत चाचपावं लागतं. आणि जमवायचा खटाटोप आहेच. तालुक्याला काही दुकानदार सुटा पाना देतच नाहीत, “सेट घ्या ना भाऊ” म्हणतात. नाशिकच्या तापडिया कंपनीचे पाने मात्र हार्डवेअरच्या दुकानात बहुधा सुटे मिळतात, माझे तिथलेच आहेत. सगळं मिळून खर्च तयार डब्याच्या दुप्पट-तिप्पट गेला असेल. घाईत एखादा आकार राहून गेला तर तो रस्त्यावरच आठवतो; डब्यात ती विसरण्याची सोय नाही.

काही वस्तू डब्यातही मावत नाहीत आणि गुंडाळीतही. पहिली, जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा. आपली काळी माती पावसाळ्यात जॅक गिळते, गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. सुताराकडून सागाचा वीतभर रुंद, दीड-दोन इंच जाड तुकडा आणावा. दुसरी, हवेचा कॉम्प्रेसर. डॅशबोर्डवरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १२० वॅटची, म्हणजे १० अँपिअरची मर्यादा असते. स्वस्तातला कॉम्प्रेसर त्याच्या काठावर चालतो आणि फ्यूज उडवतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घेतलेला चांगला. सीएनजीची गाडी घेऊन डिक्कीत टाकी आली आणि स्टेपनीची जागा गेली असेल, तर कॉम्प्रेसर आणि पंचरचं सामान या लेखातल्या बाकी सगळ्याच्या आधी. पंचर चिकटवायचं ट्यूबमधलं सोल्युशन मात्र दर उन्हाळ्यानंतर दाबून पाहा, सुकून दगड झालेलं असतं. काळी टेपही उन्हात गोंद सोडते. मी ती घरीच ठेवतो आणि लांब जायचं असलं तरच घेतो. बॅटरी उतरल्यावर गाडी चालू करायचा लिथियमचा जंप स्टार्टर उन्हातल्या गाडीत ठेवायला मला धीर होत नाही, पण ठेवणारे ठेवतात.

माझा डबा मी टाकलेला नाही. तो घरात कपाटात आहे आणि तिथे फार कामाचा आहे. फवारणीचा पंप, पोराची सायकल, पंख्याचं रेग्युलेटर, सगळ्याला तोच लागतो, आणि कपाट हलत नसल्याने गोट्या आपापल्या जागी असतात. पुतण्याने परवा विचारलं, “काका, मी कोणता घेऊ?” तो नागपुरात राहतो, गाडी घर ते ऑफिस. त्याला मी डबाच घे म्हटलं. गावाकडे महिन्यातून एखादी चक्कर होते, तेवढ्यापुरता डिक्कीत ब्लँकेटमध्ये गुंडाळ म्हणालो. पण तुमच्या घरापासून डांबर दोन किलोमीटरवर असेल, तर मला वाटतं आधी १० आणि १२ चे पाने सुटे घ्या, गुंडाळी चार खण जास्तीचे ठेवूनच शिवा, आणि बाकीचे जसजसे लागतील तसतसे भरा. एल पाना मात्र घ्यायच्या आधी दुकानातच आपल्या चाकाच्या नटावर लावून पाहा. १९ आणि २१ मधला फरक दुकानात डोळ्यांना दिसत नाही, आणि पऱ्हाटीच्या वावरात दिसून उपयोग नाही.