अंगावरून पांढरं जातंय: मेडिकलचं किट की गायनॅक?

दोन्ही करून झालंय, म्हणून लिहिते आहे. खाज, जळजळ आणि पांढरं जाणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. प्रश्न एवढाच, की घरी जाताना वाटेतल्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या की अपॉइंटमेंट घ्यायची.

मेडिकलची बाजू आधी मांडते, कारण ती खरंच भक्कम आहे. मी कोपरखैरण्याला राहते आणि नोकरी ठाण्यात. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी लोकलमधून घरी पोचेपर्यंत पावणेदहा होतात. त्या वेळी कुठल्याच गायनॅकचं क्लिनिक उघडं नसतं, मेडिकल असतं. पहिल्या वेळी मी हळू आवाजात सांगितलं आणि काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता किट काढून दिलं. चार गोळ्या: फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक, अ‍ॅझिथ्रोमायसिन एक ग्रॅमची एक आणि सेक्निडॅझोलच्या दोन. तीन-चार दिवसांत बरं वाटलं. मला वाटलं, यीस्ट, म्हणजे बुरशीचा संसर्ग होता, गेला.

अडीच महिन्यांनी पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी मी शहाणपणा केला. यीस्टच आहे तर अँटिबायोटिक कशाला पोटात घालायचं, म्हणून फक्त क्लोट्रिमॅझोलचं क्रीम आणलं. सहा दिवस लावलं. खाज जराशी कमी झाली, पण पाण्यासारखं पातळ जाणं थांबेना, आणि वास येऊ लागला. ऑफिसमध्ये शेजारी कोणी बसलं की जीव घाबरायचा. शेवटी गायनॅककडे गेले.

तिथलं जे आवडलं नाही तेही सांगते. दीड तास बाहेर बसावं लागलं. फी किटच्या कितीतरी पट. आणि माझ्या अविवाहित मैत्रिणीला एका ठिकाणी "लग्न झालंय का?" या प्रश्नानंतर जो सूर ऐकावा लागला, त्यामुळे ती वर्षभर कुठेच गेली नाही. हे असं होतं, आणि व्हायला नको. असा सूर लागला तर डॉक्टर बदला, पण तपासणी टाळू नका असं मला वाटतं. पैशांची अडचण असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी काय निघालं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. किटमधली एक गोळी बुरशीवर, एक जिवाणूंवर, आणि सेक्निडॅझोल ट्रायकोमोनासच्या परजीवीवर तसंच योनीतल्या जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलावरही चालतं. म्हणजे काहीही असतं तरी मला बरं वाटलंच असतं. बरं वाटलं, पण काय झालं होतं ते कायमचं पुसलं गेलं. आणि त्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून होतं. वर्षात तीन किंवा अधिक वेळा यीस्ट झालं तर साखर तपासतात, कुठलं यीस्ट आहे ते कल्चर करून, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून बघतात, काही वेळा सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात. माझं ते पहिलं होतं, दुसरं होतं, की मुळात एकदाही नव्हतं? सांगता येईना. मला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला, अजूनही होतो.

त्यातून क्रीम लावलेलं असल्याने नमुना नीट मिळणार नाही म्हणून त्यांनी आठवडाभर काही न लावता परत बोलावलं. तो आठवडा कसा काढला ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या भेटीतली तपासणी दहा मिनिटांची होती. पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची पट्टी लावली. यीस्टमध्ये पीएच सहसा ४.५ च्या आतच राहतो, माझा वर गेलेला. स्लाइडवर यीस्ट नव्हतंच. पेशींना चिकटलेले जिवाणू दिसले: बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे तोच जिवाणूंचा बिघडलेला समतोल. सात दिवस मेट्रोनिडॅझोल हे त्यावरचं अँटिबायोटिक घेतलं आणि संपलं. मी सहा दिवस क्रीम लावत होते ते नसलेल्या बुरशीला.

ही चूक माझ्या एकटीची नाही, हे नंतर वाचलं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात "मला यीस्टच झालंय" असं ठरवून दुकानातलं औषध घेतलेल्या ९५ बायकांना तपासलं, तर जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त यीस्ट होतं. बाकीच्यांत ट्रायकोमोनासही निघाला. तो संबंधांतून पसरतो, त्यामुळे जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. काउंटरवर हे कोण सांगणार?

तरी मेडिकल कधीच नको असं मी म्हणणार नाही. यापूर्वी डॉक्टरांनी तपासून यीस्ट सांगितलं असेल, या वेळी हुबेहूब तसंच असेल (दह्यासारखं घट्ट, खाज भरपूर, वास नाही), आणि वर्षात एखाद्या वेळीच होत असेल, तर क्लोट्रिमॅझोलने भागत असावं. पण दिवस गेले असतील तर मुळीच नको. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल पोटात घेणं टाळतात. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर थेट डॉक्टर. आणि पहिल्यांदाच होत असेल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे: आधी तपासून घ्या.

जाताना पाळीचे दिवस सोडून जा, आधीचे दोन दिवस आत काही लावू नका, साबणाने आतून धुऊही नका. आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पर्समध्ये टाका. घेतलेल्या अँटिबायोटिकमुळेही यीस्ट उसळतं, आणि गेल्या महिन्यात दातासाठी काय घेतलं होतं ते खुर्चीत बसल्यावर आठवत नाही.