सीएसआर-सीआरआय टेस्टची तीन झोनची भट्टी: काय पटलं, काय खटकलं

कोक म्हणजे हवेविना भाजलेला दगडी कोळसा. तापलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचं किती टक्के वजन जातं तो सीआरआय, आणि त्यानंतर उरलेल्या कोकची ताकद तो सीएसआर. नुसता एम-40 (ड्रममध्ये फिरवल्यावर 40 मिमीच्या वर उरणारा टक्का) बघून कोकचा लॉट पास करणाऱ्या लॅबने ही भट्टी जरूर घ्यावी. एम-40 काढतात त्या मायकम ड्रममध्ये कळते ती थंड कोकची ताकद. ब्लास्ट फर्नेसमध्ये (लोखंड बनवायच्या उंच भट्टीत) ओअर, म्हणजे लोहखनिज, मऊ पडून वितळलं की त्याच्या खाली घन उरतो तो फक्त कोक. वरचा भार तोच पेलतो, गॅसला वाटही तोच देतो. तिथे त्याचा चुरा झाला की फर्नेस गुदमरते.

टेस्ट अशी: साधारण 20 मिमीचा, वाळवलेला 200 ग्रॅम कोक, 1100 अंश, मिनिटाला 5 लिटर कार्बन डायऑक्साइड, 2 तास. नायट्रोजनमध्ये थंड करून वजन घ्यायचं, मग आय-ड्रमला (लांब नळीसारख्या ड्रमला) 20 आरपीएमने 600 फेरे आणि 10 मिमीची चाळण. 150 ग्रॅम उरला तर सीआरआय 25. त्यातला 99 ग्रॅम चाळणीवर राहिला तर सीएसआर 66. भागायचं 150 ने. नवा माणूस हमखास 200 ने भागतो, आणि चांगला कोक 49.5 वर नापास होतो.

भट्टीचा कस लागतो तो नायट्रोजन बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर. ही रिॲक्शन उष्णता खाते, टेम्परेचर लगेच पडतं. इथे तिन्ही झोन वेगळे कंट्रोल होतात, म्हणून ते लवकर सावरतं. थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारा सेन्सर) मात्र कोकच्या थराच्या मधोमधच हवं. भिंतीकडे सरकलं तर 1100 दिसतात, पण आत कमी असतात. रिॲक्शन अपुरी होते आणि सीएसआर खोटा चढतो.

रिटॉर्ट (कोक ठेवायचं नळकांडं) निकेल मिश्रधातूचा आहे, हे उत्तम. साध्या स्टीलची खपली कोकवर पडली तर त्यातलं लोखंड रिॲक्शनचा वेग वाढवतं. झाकणाचं सील मात्र कच्चं आहे. थंड होताना हवा शिरली की कोक जळतो. वरच्या तुकड्यांवर राखेचा पांढुरका थर दिसला तर तो रिझल्ट धरू नका. सील बदलून टेस्ट पुन्हा लावा.

सोबतचा रोटामीटर (गॅसचा फ्लो मोजणारा) नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला आहे, कार्बन डायऑक्साइडला तो चुकीचा फ्लो दाखवतो. बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असूनही सेटमध्ये ना बर्नर, ना अलार्म. ही उणीव अक्षम्य आहे. एक्झॉस्ट इमारतीबाहेर नेऊन अलार्म बसवेपर्यंत भट्टी पेटवूच नका.

सिंटरच्या (भाजून एकत्र केलेल्या ओअरच्या चुऱ्याच्या) आरडीआयला, म्हणजे रिडक्शनमध्ये तो किती फुटतो त्या टेस्टला, 500-550 अंश लागतात, तेवढं ही भट्टी सहज धरते. पण आय-ड्रम तिथे चालत नाही. 130 मिमी व्यासाचा, 200 मिमी लांबीचा ड्रम आणि कार्बन मोनॉक्साइडची लाइन वेगळी घ्यावी लागते.