पोर्तुगालमध्ये चार-पाच दिवस: लिस्बन की पोर्तो?

दोन्ही शहरं नदी समुद्राला मिळते तिथली, दोन्ही टेकड्यांवर चढत गेलेली. दोन्हीकडे घरांच्या भिंतींवर टाइल्स आणि दोन्हीकडे जेवणात खारवलेला कॉड मासा. फोटो बघून निवड करायला बसलं तर गोंधळच होतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. खाणंपिणं हेच सहलीचं मुख्य कारण असेल तर पोर्तो. बरोबर शाकाहारी आई-वडील असतील, किंवा गोवा, वसई, चौल यांच्या इतिहासाची ओढ असेल तर लिस्बन. आणि दोन्ही शहरं मिळून तीन दिवसांत उरकायचा बेत असेल तर तो सोडा.

फरक मुख्यतः शहराच्या पसाऱ्याचा आहे. लिस्बनची ठिकाणं लांब लांब आहेत. बेलें पश्चिमेच्या टोकाला, आल्फामा आणि साओ जॉर्जचा किल्ला पूर्वेला, राजवाड्यांचं गाव सिंत्रा तर शहराबाहेर रेल्वेने पाऊण तासावर. प्रत्येकासाठी किमान अर्धा दिवस लागतो आणि जेवण मधल्या वेळात, जिथे असू तिथे होतं. पोर्तोत साओ बेंतु स्टेशनवरून उतरणीला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत नदीकाठचा रिबेरा येतो. पूल ओलांडला की पलीकडे व्हिला नोव्हा द गायामध्ये वाइनची तळघरं. बघणं, खाणं, पिणं एकाच वाटेवर असल्यामुळे पोर्तोत दिवस मोठा वाटतो.

पण लिस्बनकडे जे आहे ते पोर्तोकडे नाही, आणि मराठी माणसाने ते एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं. बेलेंचा जेरोनिमोस मठ. 1501 मध्ये राजा मानुएलने तो बांधायला घेतला आणि खर्च भागवला पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या करातून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या मिरीचा पैसा त्या दगडात आहे. खांबांवर जहाजांचे दोर, शंखशिंपले, समुद्री वनस्पती कोरलेल्या आहेत. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर दिसते. तो 1524 मध्ये कोचीनला वारला. त्याचे अवशेष आधी पोर्तुगालला नेले आणि 1880 मध्ये या मठात आणले. समोरच्या बाजूला कवी कामोंइशची कबर आहे. जुन्या गोव्यातली चर्चेस पाहिली असतील, वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या कमानींखालून फिरला असाल, तर त्या सगळ्याची सुरुवात कुठून झाली हे इथे उभं राहिल्यावर कळतं. मठ सोमवारी बंद असतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात ठेवा. बेलेंचा मनोरा मात्र नदीकाठावरून बघितला तरी पुरे. आत जाण्यासाठी रांगेत तास घालवण्याइतकं तिथे काही नाही.

लिस्बनमधली दुसरी न चुकवण्याची जागा म्हणजे कार्मो मठाचे अवशेष. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात छत कोसळलं आणि ते पुन्हा बांधलं नाही. नुसत्या कमानी आणि वर आकाश. त्याच भूकंपानंतर राजाच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्किसने, खालचा बायशा भाग सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने बसवला. शेजारच्या आल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या मात्र बऱ्याचशा वाचल्या. एकाच सकाळी दोन्ही भागांतून चाललात तर भूकंपाने शहर कुठे बदललं हे पायांनाच समजतं. प्रसिद्ध 28 नंबरची पिवळी ट्राम याच वाटेने जाते, पण दिवसा ती खच्चून भरलेली असते आणि पाकीटमारांची आवडती आहे. सकाळी लवकर बसा, नाहीतर चाला.

पोर्तोत इतिहासाचा असा भार नाही. तिथे डोळ्यांना सुख आहे. साओ बेंतु स्टेशनच्या दालनात जोर्ज कोलासोने रंगवलेल्या सुमारे 20 हजार निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत आणि त्या बघायला तिकीट लागत नाही, कारण ते चालतं स्टेशन आहे. 1886 चा दों लुईश पूल दोन मजली आहे. खालून गाड्या, वरून मेट्रो, आणि वरच्या मजल्यावर मेट्रोच्या रुळांशेजारून माणसं चालतात. सूर्यास्ताला तिथे जा. लेलो पुस्तकांचं दुकान 1906 चं, त्याचा लाकडी जिना खरोखर सुंदर आहे, पण आत इतकी गर्दी असते की पुस्तक हातात घेऊन चाळता येत नाही. तिकिटाची रक्कम पुस्तक घेतलं तर वजा होते. पुस्तक घ्यायचंच असेल तर जा, नाहीतर बाहेरून बघून पुढे निघा.

आता जेवण. पोर्तोचं नाव निघालं की फ्रान्सेझिन्या आलीच. पावाच्या दोन जाड तुकड्यांमध्ये बीफ, हॅम, सॉसेज, वरून वितळलेलं चीज, त्यावर बहुतेक वेळा अंडं, आणि सगळ्यावर टोमॅटो-बिअरचा तिखटसर गरम रस्सा. बाजूला फ्रेंच फ्राइज. एक ताट दोघांत पुरतं. सान्तियागु कॅफे त्यासाठी प्रसिद्ध आहे. बीफ किंवा डुक्कर खात नसाल तर ऑर्डरआधी विचारा, कारण या पदार्थात सहसा दोन्ही असतं. काही ठिकाणी शाकाहारी फ्रान्सेझिन्या मिळते, पण रस्सा मांसाच्या पाण्यात केलाय का हे तिथेही विचारावं लागतं. पोर्तोचा जुना पदार्थ मात्र वजडीचा आहे, पांढऱ्या बीन्सबरोबर शिजवलेली. तिथल्या लोकांना ‘वजडीखाऊ’ म्हणतात आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात. आपल्याकडे ज्यांना वजडी आवडते त्यांनी हा पदार्थ सोडू नये.

मासे खाणाऱ्यांनी पोर्तोतली एक दुपार मातोझिन्योशला द्यावी. मेट्रोने जाता येतं. हे मच्छीमार बंदर आहे आणि तिथल्या रस्त्यावर हॉटेलवाले दारातच कोळशाच्या शेगड्या मांडून मासे भाजतात. मीठ, ऑलिव्ह तेल, उकडलेला बटाटा, बस्स. मसाला नाही, आणि मासा इतका ताजा की त्याची गरजही भासत नाही. सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांची युरोपातली भावंडं, जून ते सप्टेंबरमध्ये खावीत, तेव्हा ती चरबीने भरलेली असतात. पोर्तो शहरातली बुल्यांव मंडई दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडली. तिथे चीज, ऑलिव्ह, फळं घेऊन उभ्या उभ्या सकाळचं खाणं होतं.

लिस्बनमध्येही सार्डिन मिळतात, कांदा-अंडं-बटाट्याच्या सळ्यांबरोबर परतलेला कॉड मिळतो, पण लिस्बनची खरी ताकद गोडात आणि लहान खाण्यात आहे. बेलेंचं 1837 पासूनचं पश्तेलचं, म्हणजे बलकाच्या कस्टर्डने भरलेल्या छोट्या टार्टचं, दुकान पर्यटकांनी भरलेलं असतं, तरीही जाच. बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत एकापाठोपाठ एक दालनं आहेत आणि बसायला बऱ्याचदा पटकन जागा मिळते. गरम पश्तेलवर दालचिनी भुरभुरवा. बेबिंका खाल्लेल्यांना बलक-साखरेची ही चव ओळखीची वाटेल. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र पोर्तुगीज गोडापासून दूरच राहावं, कारण जवळजवळ सगळं बलकांवरच उभं आहे.

एक सूचना दोन्ही शहरांसाठी. टेबलावर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, पैसे लागत नाहीत. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, मागा. रात्रीच्या जेवणापेक्षा ते स्वस्तही असतं आणि स्थानिक लोक तेच खातात.

शाकाहारी माणसांसाठी लिस्बन निर्विवाद पुढे. शहराच्या उत्तरेला महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर राधाकृष्ण मंदिर आहे. दीव आणि मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं. तिथल्या उपाहारगृहात शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. मार्तिं मोनीझ चौकाच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि खानावळी आहेत. शिवाय लिस्बनमध्ये गोव्याहून आणि मोझांबिकहून येऊन स्थिरावलेल्या गोंयकारांची जेवणघरं आहेत, शाकुती, सोरपोतेल आणि शेवटी बेबिंका देणारी. गोव्यातून गेलेला समोसा तर ‘शामुसा’ नावाने पोर्तुगालच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो, पण तो बहुधा मांसाचा असतो, तेव्हा विचारून घ्या. पोर्तोत शाकाहारी हॉटेलं वाढली आहेत, तरी जुन्या खानावळीत तुमच्या वाट्याला ऑम्लेट, सॅलड आणि पाव येण्याची शक्यता जास्त. पालेभाजी-बटाट्याचं ‘काल्दु व्हेर्द’ सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात सॉसेजची चकती घालतात.

पिण्याच्या बाबतीत तराजू पुन्हा पोर्तोकडे झुकतो. पोर्ट वाइनची द्राक्षं पोर्तोच्याच दोऊरू नदीच्या वरच्या खोऱ्यातली, ज्याची सीमा 1756 मध्येच आखून दिली गेली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास जातो. पूर्वी ही पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून गायाला यायची आणि तिथल्या थंड तळघरांत मुरायची. आज ग्रॅहम्स, टेलर्स, फरेरा अशा घरांत तळघर दाखवून चव देतात. एकाच ठिकाणी जा, पण नीट वेळ काढून. रूबी आणि दहा वर्षांची टॉनी हे पोर्टचे दोन प्रकार शेजारी शेजारी प्या. पहिलीत ताजी फळं, दुसरीत लाकूड, अक्रोड आणि सुकामेवा. फरक कळायला वाइनचा जाणकार असावं लागत नाही. उकाड्यात पांढऱ्या पोर्टमध्ये टॉनिक वॉटर घालून देतात, तेही छान लागतं.

लिस्बनमध्ये जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरींची गोडसर दारू, एवढ्याशा पेल्यात उभ्याने प्यायची, साओ दोमिंगुश चौकातल्या टपरीवजा दुकानात. पाच मिनिटांचा आनंद. पण संध्याकाळ लिस्बनचीच, कारण फादो, म्हणजे पोर्तुगालचं हुरहुर लावणारं गाणं. आल्फामा आणि मोरारियाच्या छोट्या जागांमध्ये दिवे मंद होतात, गाणं सुरू होतं आणि वाढपीही थांबतात. गाणं चालू असताना बोलणं तिथे खपत नाही. जेवणासकट मोठे कार्यक्रम महाग पडतात. लहान जागी एक पेला घेऊन बसलात तरी चालतं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन्ही शहरं अवघड आहेत. चढ आहेत आणि गुळगुळीत दगडी फरसबंदी पावसात घसरते. पोर्तोत पुलाच्या वरच्या मजल्यापासून गायाच्या काठापर्यंत केबल कार आहे, तिने एक मोठा उतार वाचतो. लिस्बनमध्ये बेलेंचा भाग सपाट आहे. पाऊस पोर्तोत जास्त, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जायचं असेल तर लिस्बन घ्या. जूनमध्ये जात असाल तर तारीख बघा: लिस्बनमध्ये 12 च्या रात्री संत आंतोनियुचा उत्सव, पोर्तोत 23 च्या रात्री साओ जुआंवचा. पोर्तोत त्या रात्री लोक एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे हळूच मारत हिंडतात आणि गल्लोगल्ली मासे भाजत असतात. हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात.

पाच पूर्ण दिवस असतील तर तीन लिस्बन, दोन पोर्तो असं जमतं. रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. विमानाचं तिकीट काढताना लिस्बनला उतरून पोर्तोहून परत असं बघा, उलटा प्रवास वाचेल. सहा दिवस असतील तर वाढीव दिवस सिंत्राला देऊ नका. पोर्तोहून दोऊरूच्या काठाने पिन्यांवला जाणाऱ्या गाडीत बसा, जाताना उजव्या बाजूची खिडकी पकडा.