अण्णांच्या फियाटचं खोटं तैलचित्र

अण्णांनी चित्रावरचा कागद काढला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "ही आपली गाडी नाही गं. हिचं स्टेअरिंग डावीकडे आहे."

त्यांच्या पंचाहत्तरीला घर माणसांनी भरलं होतं. कुणी काही बोललं नाही. मी मात्र ते वाक्य अजून विसरू शकलेले नाही. माझे 28,000 रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की अण्णांच्या आठवणीतलं सगळ्यात लाडकं दृश्य कुणीतरी खोटं करून त्यांच्या हातात दिलं आणि ते मीच दिलं. जुन्या फोटोवरून ऑइल पेंटिंग करून घ्यायचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हे जरूर वाचा.

आमच्याकडे 1969 सालची फियाट 1100 होती. अण्णांनी ती 1976 मध्ये जुनी घेतली. स्टेअरिंगलाच गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, मागे शेपटीसारखे वर उठलेले कोपरे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने सगळ्यांना माहीत झाली. कसाऱ्याच्या घाटात तिचं इंजिन तापायचं. मग बॉनेट उघडून आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला भेळ खात बसायचो.

तिचा एकच चांगला फोटो आहे, कृष्णधवल. गोदावरीच्या काठावर गाडी, मागे होळकर पुलाच्या कमानी आणि दाराला टेकून आई. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. हा फोटो मला रंगांत हवा होता, तोही हाताने रंगवलेला.

मोबाईलवर जाहिरात दिसली. 'जुन्या फोटोवरून कॅनव्हास पेंटिंग, नाशिकमध्येच स्टुडिओ.' फोनवरचा माणूस गोड बोलला. "ताई, आईंचा चेहरा अगदी बोलका करून देऊ," म्हणाला. मी स्टुडिओ बघायला येते म्हटलं, तर "सर सध्या बाहेरगावी आहेत, काम घरूनच चालतं." इथेच थांबायला हवं होतं. मी 15,000 आगाऊ पाठवले.

मग कामाचे फोटो येऊ लागले. आधी पेन्सिलचं रेखाटन, मग अर्धवट रंग, मग पूर्ण चित्र. अकराव्या दिवशी निरोप आला, "वॉर्निशसकट तयार आहे." मी खूश. उरलेले पैसे पाठवले आणि चित्र घरपोच आलं. मी आईचा चेहरा पाहिला, नंबरप्लेट पाहिली, पूल पाहिला. नंबर आपलाच, म्हणजे गाडीही आपलीच, असं धरून चालले. काचेआड स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे ते काही पाहिलं नाही. अण्णांनी ती गाडी अठरा वर्षं चालवली होती. त्यांची नजर आधी तिथेच गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सरांना बोलावलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी खिडकी लावून घेतली, बॅटरी चित्राच्या कडेला धरली आणि तिरका उजेड पाडला. फटकारे उठून दिसले. सगळे एकाच दिशेने, एकाच रुंदीचे. बंपरवरून सुरू झालेला फटकारा तसाच आईच्या साडीवरून, तिच्या गालावरून नदीत गेला होता. "रंगवणारा माणूस बंपरला आडवा ब्रश मारतो, साडीला निऱ्यांच्या दिशेने," सर म्हणाले. "हे छापलेलं आहे. वरून पारदर्शक जेल फासलंय."

मग त्यांनी मला विचारलं, "चित्रात सगळ्यात पांढरी जागा कुठली?" हेडलाइटच्या क्रोमच्या कड्यावरची चमक. "तैलरंगात ती चमक बहुतेक शेवटी येते आणि तिथे पांढरा रंग सगळ्यात जाड बसतो. बोट फिरवा." मी फिरवलं. तिथे रंगच नव्हता. जेलखाली कोऱ्या कॅनव्हासची वीण लागत होती. भिंगातून पाहिलं तर आईच्या डोळ्यात बारीक रंगीत ठिपके. मला पुढे बघवेना.

अकरा दिवसांचं गणितही सरांनीच समजावलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं अळशीचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. काही तपकिरी रंग एक-दोन दिवसांत हाताला लागेनासे होतात, पांढरा आठवडाभर चिकट राहू शकतो, आणि जाड थर असेल तर शेवटचं वॉर्निश साधारण सहा महिन्यांनी देतात. अकराव्या दिवशी वॉर्निशसकट, वासाशिवाय चित्र आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. नव्या तैलचित्राला तेलाचा वास येतोच.

माझ्या मोबाईलवरचे ते तीन फोटो भाच्याने मोठे करून पाहिले. तिन्हींत ईझलची, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीची, सावली इंचभरही हललेली नव्हती. रेखाटन आणि अर्धवट रंग, दोन्ही तयार चित्रावरून मोबाईलमध्येच बनवलेले. गाडी नेटवरच्या कुठल्यातरी परदेशातल्या फियाटची, तिकडे स्टेअरिंग डावीकडे असतं. तिच्यावर आमचा नंबर चिकटवला होता.

म्हणून सांगते, फोटोंवर विश्वास ठेवू नका. रंग ओला असताना जाऊन बघा. जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर समोर ब्रश चालवायला सांगा. ऑर्डर देताना 'हाताने, तैलरंगात, छपाई न करता' हे शब्द लिहून त्यावर होकार घ्या. मी नुसतं 'पेंटिंग' लिहिलं होतं. आता तो माणूस म्हणतो, "आम्ही कॅनव्हास पेंटिंगच दिलं." मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी करते आहे. तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावत्या, निरोप, फोटो, काहीही पुसू नका.

सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते चित्र आता खरंखुरं रंगवायला घेतलंय. गेल्या रविवारी अण्णांना घेऊन गेले. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. कॅनव्हासवर अजून फक्त तपकिरी छटा होत्या, पण स्टेअरिंग उजवीकडे होतं. अण्णांनी पिशवीतून एक डबी काढली. गाडीचे ओरखडे बुजवायला आणलेल्या रंगाची, कधीच वाळून गेलेली. झाकणावर मात्र तो राखाडी रंग अजून शाबूत होता. त्या मुलाने पॅलेटवर निळा, पांढरा आणि थोडा तपकिरी मिसळला, झाकणाशेजारी ठेवून पाहिला, पुन्हा मिसळला. तिसऱ्यांदा अण्णांनी मान हलवली.

"आणि काकूंची साडी?" त्याने विचारलं.

"मोरपंखी," अण्णा लगेच म्हणाले. "काठ लाल."